दोन कल : करिअर आणि लैंगिकता यांविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात येणारी मुले पहिल्या भेटीत टक्केवारी, फी आणि प्रवेश परीक्षा यांविषयीच बोलतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, आई-वडील बाहेरच्या खोलीत बसलेले असताना, एखादा मुलगा किंवा मुलगी आवाज खाली आणून विचारते, "घरापासून लांब जाता येईल असा कोर्स कोणता?" हा प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. मराठीत 'कल' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो : कलचाचणीतला कामाचा कल आणि लैंगिक कल. पहिला तपासता येतो, सरावाने वाढतो, वयानुसार बदलतोही. दुसऱ्याची ना चाचणी असते ना शिकवणी. हे दोन्ही एकमेकांत गुंतले की करिअर निवडताना गफलत होते. या वेळची पत्रे त्याच गुंत्याची आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मी 18 वर्षांचा असून ठाण्यात राहतो. बारावीला वाणिज्य शाखेत गणित घेतले आहे. मावशीच्या मशीनवर दोन वर्षांपासून शिवतो आणि मला फॅशन डिझाइनला जायचे आहे. मी गे आहे, हे मला ठाऊक आहे. पण 'असल्या मुलांचेच ते क्षेत्र' हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की, ही आवड माझी स्वतःची आहे की मी त्या साच्यात आपोआप जाऊन बसतो आहे, हेच कळेनासे झाले आहे. त्यापेक्षा सी.ए. करावे का?

उत्तर : तुझ्या पत्रासोबतचा फोटो मी बराच वेळ पाहत होते. मावशीच्या ब्लाउजच्या बाहीला मुंढ्यापाशी चूण पडत होती, म्हणून तू ती तीनदा उसवलीस, मग मुंढ्याची गोलाई कागदावर नव्याने आखलीस आणि चौथ्या वेळी बाही नीट बसली, असे तू लिहिले आहेस. लोकांच्या बोलण्यामुळे एखाद्या क्षेत्राकडे ओढला गेलेला मुलगा तिसऱ्यांदा उसवायला बसत नाही. चूण का पडते, याचा छडा लावावासा वाटणे हा कामाचा कल आहे, आणि त्याचा तुला कोण आवडते याच्याशी काही संबंध नाही.

आपल्याकडे शिंपीकाम पिढ्यान्‌पिढ्या संसारी पुरुषांनी केलेले आहे. नामदेव महाराज शिंप्याच्याच घरातले. ठाण्याच्या बाजारपेठेत मशीनवर बसलेल्या कारागिराच्या लैंगिकतेविषयी कोणी शंका घेत नाही. तेच काम कोणी इंग्रजी नावाने, पदवी घेऊन करायचे ठरवले की मात्र नातेवाइकांना शंका येऊ लागतात. या क्षेत्रात समलिंगी माणसे जास्त दिसतात, याचे एक कारण असे की तिथे ती तुलनेने मोकळेपणाने राहू शकतात. बँकेत, कारखान्यात, न्यायालयातही ती असतातच. तिथे ती बोलत नाहीत, एवढेच.

'निफ्ट' ही फॅशन शिक्षणाची राष्ट्रीय संस्था तुझ्या घरापासून लांब नाही, खारघरला आहे. तिथल्या चार वर्षांच्या डिझाइन पदवीला कोणत्याही शाखेतून बारावी झालेले विद्यार्थी प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतात. वस्त्रनिर्मितीच्या तंत्राची वेगळी पदवीही आहे आणि तिला गणित लागते, जे तुझ्याकडे आहे. पॅटर्न काढणे, एका कपड्याला किती कापड लागेल याचा हिशेब करणे, निर्यातीच्या मालाची किंमत बसवणे या कामांत नेमका आकडा आणि नेमका हात दोन्ही लागतात. सी.ए. जरूर कर, पण जमाखर्च जुळवण्यात तुला तेवढाच आनंद मिळत असेल तर. आड लपण्यासाठी घेतलेली इतकी कठीण परीक्षा माणसाला आतून थकवते, हे मी जवळून पाहिले आहे.

घरी सांगण्याविषयी तू शेवटी विचारले आहेस. फॅशनला जायचे आहे आणि मी गे आहे, या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी सांगू नकोस. सांगितल्यास तर घरचे एकीला दुसरीचे कारण ठरवतील आणि मग तुला दोन्हींसाठी एकदमच भांडावे लागेल.

प्रश्न : वय 26, राहणार चरई. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मला मुलींविषयीच ओढ वाटते, हे कॉलेजपासून माहीत आहे. घरी स्थळे पाहणे जोरात चालू आहे. सुटका व्हावी म्हणून परदेशात एम.एस.साठी अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. खरे सांगायचे तर त्या विषयात मला फारसा रस नाही. जाऊ का?

उत्तर : बाबांचे घर तारण ठेवून तुम्ही बाबांच्याच घरातून सुटू पाहत आहात. हे कठोर वाटेल, पण मला ते स्पष्ट लिहिले पाहिजे. मोठ्या शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. तिकडे नोकरी लागायला उशीर झाला, हप्ते थकले, तर बँकेची नोटीस चरईच्या त्याच दारावर येईल, आणि तुमच्या लग्नाचा विषय पुन्हा निघेल तेव्हा तुमच्या 'नाही'मागे ते कर्ज उभे असेल. शिवाय रस नसलेल्या विषयाची पदवी, परका देश आणि नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा हे तीन भार एकाच वेळी पेलायचे आहेत.

मी तुम्हाला दोन निर्णय वेगळे करायला सांगेन : राहायचे कुठे आणि करायचे काय. पहिला निर्णय आज घेता येण्याजोगा आहे. ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याहून निघाले की दिघा गावानंतर ऐरोली येते. अंतर काहीच नाही. तरीही शिफ्टच्या सोयीसाठी ऐरोलीत किंवा घणसोलीत दोन मैत्रिणींसोबत भाड्याने राहणे आता ठाण्यातल्या घरांनाही समजते आणि ते खोटे कारणही नाही. त्याआधी पगार स्वतःच्या एकट्याच्या खात्यात जमा होऊ द्या, कारण सध्या तो बाबांसोबतच्या संयुक्त खात्यात जातो असे तुम्ही लिहिले आहे. पासपोर्ट, पदवीच्या मूळ गुणपत्रिका आणि आधार कार्ड स्वतःजवळ ठेवा. सहा महिन्यांचा खर्च भागेल इतकी शिल्लक बाजूला काढा. मग काही महिने स्वतंत्र राहून पाहा आणि तेव्हाही परदेशी शिकावेसे वाटले तर तुमच्या आवडीच्या विषयात अर्ज करा.

पैशाचा मुद्दा मी इतका लावून धरते, त्याला कायद्याचेही कारण आहे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडविधानातल्या कलम 377 चा प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग रद्दबातल ठरवला, त्यामुळे तुमचे प्रेम गुन्हा नाही. मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे पत्नीला कायद्याने आपोआप मिळणारा वारसा किंवा निवृत्तिवेतन जोडीदारीण म्हणून तुमच्या वाट्याला आज येत नाही. स्वतःची कमाई, स्वतःचा विमा आणि पुढे वेळ आली तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र, यांवरच तुमचे घर उभे राहणार आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे, हे लक्षात ठेवावे. म्हणूनच मृत्युपत्राचा उल्लेख केला.

प्रश्न : कळव्याचा रहिवासी, वय 21, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. शाळेत एनसीसी केले तेव्हापासून सैन्यात अधिकारी व्हायचे ठरवले आहे. मी समलिंगी आहे. 2018 च्या निकालानंतर आता अडचण नाही ना?

उत्तर : अडचण आहे, आणि ती तुम्हाला अर्ज भरण्याआधी माहीत असली पाहिजे. तो निकाल दंडविधानातल्या कलमाविषयी होता. सैन्यासाठी 1950 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच्या 46 व्या कलमात 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला आजही शिक्षा आहे. संविधानाचे 33 वे कलम सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत अधिकारांवर मर्यादा घालण्याची मुभा संसदेला देते. निकालानंतर चार महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी सैन्यात समलिंगी संबंध चालू दिले जाणार नाहीत, असे जाहीरपणे सांगितले होते.

म्हणून स्वप्न सोडा, असे मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही. फक्त मेसमध्ये, प्रवासात, फोनवर, इतकेच काय पण सुट्टीतही जीभ आवरून राहण्याची किंमत तुम्ही किती वर्षे देऊ शकता, याचा विचार प्रामाणिकपणे करा. सैन्यातल्या अधिकारीभरतीच्या सीडीएस परीक्षेतून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीमार्गे मिळणारे अल्पसेवा कमिशन 10 वर्षांचे असते आणि ते 14 वर्षांपर्यंत वाढवता येते. ही मुदत डोळ्यांसमोर ठेवून विचार करणे सोपे जाते. तुमच्या पत्रात मला एक वाक्य महत्त्वाचे वाटले : पावसाळ्यात खाडीलगतच्या चाळीत पाणी शिरले तेव्हा आजींना खांद्यावरून बाहेर काढणाऱ्या जवानांसारखे व्हायचे आहे. ते काम अग्निशमन आणि आपत्ती प्रतिसाद दलेही करतात. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात अधिकारी घडवणारे अभ्यासक्रम आहेत आणि तिथे लष्करी कायद्याचे ते कलम लागू होत नाही. दोन्ही वाटांची माहिती शेजारी शेजारी ठेवून मग ठरवा.

प्रश्न : वय 29, खारघर. नवीन नोकरीच्या मुलाखतीत मी गे असल्याचे सांगावे का?

उत्तर : मुलाखतीत सांगण्याची गरज नाही आणि कोणी विचारण्याचेही कारण नाही. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीतील भेदभावाविरुद्ध 2019 च्या कायद्याचे संरक्षण आहे. लैंगिक कलासाठी खासगी नोकरीत असा स्पष्ट कायदा आपल्याकडे नाही. म्हणून हातात नेमणूकपत्र आल्यावर कंपनीचे भेदभावविरोधी धोरण लेखी मागवा आणि गटविम्यात जोडीदाराचा समावेश लग्नाच्या दाखल्याशिवाय होतो का, ते पाहा. मोठ्या शब्दांच्या धोरणापेक्षा विम्याच्या त्या एका ओळीवरून कंपनी अधिक कळते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : ताई, मी नेरूळला राहते. मुलगा 20 वर्षांचा, पुण्यात फिजिओथेरपी शिकतो. दिवाळीत घरी आला तेव्हा मी मेथी निवडत होते आणि त्याने सांगितले, "आई, मला मुलगेच आवडतात." मी हातातली जुडी तशीच धरून बसले आणि काही सुचेना म्हणून विचारले, "जेवलास का?" यजमानांचा वाशीच्या मार्केटमध्ये गाळा आहे. ते म्हणतात, शिक्षण बंद करून त्याला गाळ्यावर बसवू, चार माणसांत राहिला की सुधारेल. नात्यातल्या एकांनी डॉक्टरही सुचवले आहेत. काय करू?

उत्तर : ताई, त्या क्षणी तुम्ही त्याच्या जेवणाची चौकशी केली, त्यातून त्याला जे कळायचे ते नक्की कळले असेल. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

यात सुधारण्यासारखे काही बिघडलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कल बदलून देण्याच्या तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. त्यामुळे जे डॉक्टर असा उपचार देऊ करतील, त्यांच्या दारात मुलाला नेऊ नका. तुम्हाला स्वतःला मन मोकळे करावेसे वाटले तर 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुंबईत 1994 पासून समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे, तिथेही चौकशी करू शकता.

गाळ्याविषयी. मार्केटचे काम कष्टाचे आणि मानाचे आहे. ते शिक्षा म्हणून मुलाच्या माथी मारले तर त्या कामाचाही अपमान होतो. यजमानांना हे अशाच शब्दांत सांगून पाहा, कारण ज्या व्यवसायावर त्यांनी घर उभे केले त्याचा मान त्यांना नक्की कळतो. मुलाच्या आयुष्यात पुढे जे काही अवघड येईल, त्यात स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन त्याच्या हाती असणे सर्वांत गरजेचे आहे, आणि नेमके तेच काढून घेण्याचा विचार घरात चालू आहे. यजमानांचे मन वळायला वर्ष लागेल, दोन वर्षेही लागतील; तेवढा वेळ त्यांना द्या. फी भरण्याची मुदत मात्र महिनाअखेरीस संपते असे तुम्ही लिहिले आहे. ती या आठवड्यात भरा आणि पावतीचा फोटो काढून मुलाला पाठवा.