शेक्सपिअरचं १३० वं सुनीत: प्रेयसीची स्तुती की टिंगल?

तुम्ही विचारलंय की ज्या बाईचे डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठ पोवळ्याइतके लाल नाहीत, तिच्यावर कवीचं प्रेम आहे असं कसं म्हणायचं. प्रेम आहेच. टिंगल चालली आहे ती उपमांची.

पेत्रार्क या इटालियन कवीच्या प्रभावामुळे प्रेयसीच्या नखशिखान्त वर्णनाची एक ठरीव रीत युरोपभर रुजली होती. डोळे सूर्य, गाल गुलाब, छाती बर्फ, केस सोन्याच्या तारा; आपल्या मृगनयनी-चंद्रमुखीची लांबची बहीणच. १६०९ साली शेक्सपिअरची सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, छापून आली तोवर या उपमा पार झिजल्या होत्या. शेक्सपिअर तीच यादी घेतो आणि एकेका नगापुढे फुली मारत जातो.

ओळी मोजून वाचा. डोळे, ओठ, छाती, केस पहिल्या चार ओळींतच उरकतात, ओळीला एक. मग गाल, श्वास, आवाज आणि चाल यांना दोन-दोन ओळी मिळतात. वेग उतरतो तसा सूरही मऊ होतो. नवव्या ओळीत तिचं बोलणं ऐकायला आवडतं असं तो आधी सांगून टाकतो, संगीत त्याहून गोड असतं ही कबुली नंतर. बाराव्या ओळीत ती जमिनीवर पाय टेकवून चालते, बस्स. कवितेतली सगळ्यात प्रेमळ ओळ मला हीच वाटते.

घोटाळा होतो तो शब्दांमुळे. 'मिस्ट्रेस' म्हणजे इथे ठेवलेली बाई नव्हे, प्रेयसी. तिच्या श्वासासाठी वापरलेल्या 'रीक्स'ला आज दुर्गंधीचा अर्थ आहे. तेव्हा वाफ किंवा धूर निघावा तसं बाहेर पडणं, असा होता. शेजारी अत्तर ठेवल्यामुळे चिमटा उरतोच, पण 'तोंडाला घाण येते' असं भाषांतर करू नका. 'वायर्स' म्हणजे विजेच्या तारा नव्हेत, सोन्याची बारीक तार. हिच्या डोक्यावर ती काळी उगवली आहे, एवढाच विनोद. छातीसाठी वापरलेला 'डन' म्हणजे मातकट करडा.

सगळ्यात जास्त दांडी उडते ती शेवटच्या ओळीत. तिथला 'शी' हा शब्द 'ती' या अर्थाचं सर्वनाम नाही, 'बाई' या अर्थाचं नाम आहे. तेरावी-चौदावी जोडून अर्थ असा लागतो: खोट्या उपमा देऊन जिच्याबद्दल थापा मारल्या गेल्या, अशा कुठल्याही बाईइतकीच माझी प्रिया दुर्मीळ आहे. 'शी'ला सर्वनाम धरलंत तर थापा तुमच्याच नायिकेला चिकटतात.