एनएएसला रेड असताना बॅकअपच्या डिस्क आळीपाळीने बदलायच्या कशाला?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या बॅकअप सर्व्हरवर बॅक्युला (बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) आहे, तीन यूएसबी डिस्क दर शनिवारी आळीपाळीने लावता, पण व्हॉल्यूम (बॅक्युला ज्यांत बॅकअप लिहितं त्या फाइली) रीसायकल होत नाहीत, म्हणजे जुन्यांवर परत लिहिलं जात नाही, डिस्क भरते आणि जॉब अडकून बसतो. आणि शेवटी एक ओळ टाकलीय, "साहेब म्हणतात एनएएसला रेड आहे, मग ही ने-आण बंदच करू का?" एनएएस म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, आणि रेड म्हणजे त्यातल्या अनेक डिस्क मिळून डेटा सांभाळतात ती सोय. सेटिंगचं खाली सांगतो, पण खरं म्हणजे या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलोय. बंद करू नका. अजिबात नाही.

२००५ साली मी कालिन्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सिस्टीम बघायचो. ऑफिस तळमजल्यावर, सर्व्हर अकाउंट्सच्या केबिनमध्ये जमिनीवर, शेजारी यूपीएस. बॅकअप टेपवर घेणारा डॅट ड्राइव्ह होता, २० जीबीच्या टेप, सोमवार ते शनिवार सहा, प्रत्येकीवर माझ्या हाताने वार लिहिलेला, आणि महिनाअखेरची एक वेगळी. रोज संध्याकाळी टेप बदलायची, वहीत सही करायची, काढलेली टेप त्याच केबिनमधल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात. एक दिवस चुकवला नव्हता मी. शेठना तीन वेळा सांगितलं की शनिवारची टेप मी घरी ठाण्याला नेतो, पुढच्या शनिवारी परत आणतो, तुम्हाला एक रुपया खर्च नाही. तिसऱ्या वेळी ते सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "आपल्या पार्ट्यांचा हिशोब लोकलच्या गर्दीत फिरणार नाही." त्यानंतर मी विषय काढला नाही, आणि ते मला आजही सलतं.

२६ जुलै, मंगळवार. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आम्हाला नंतर कळलं, त्या दुपारी एवढंच दिसत होतं की रस्त्यावरचं पाणी पायऱ्या चढून आत येतंय आणि थांबत नाहीये. फायली टेबलावर चढवल्या, टेबलावरून कपाटावर चढवल्या, तेवढ्यात लाइट गेली. मला टेप आठवत होत्या, पण कपाटाची चावी कॅशियरकडे आणि तो दोन वाजताच बँकेत म्हणून बांद्र्याला गेलेला. कडी ओढून बघितली, ठोकून बघितली, पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा बाकीच्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. रात्र वरच्या मजल्यावरच्या लोकांकडे काढली, त्या घराने आम्हा नऊ जणांना पिठलं-भात करून घातला, आणि दुसऱ्या दिवशी कुर्ल्याहून रुळांच्या कडेकडेने ठाण्यापर्यंत चालत गेलो.

गुरुवारी कपाट उघडलं. सहाच्या सहा टेप चिखलात. कॅसेटच्या आत चिखल. सर्व्हरची डिस्क लॅमिंग्टन रोडवर रिकव्हरीवाल्याकडे दिली, त्याने काही फाइली काढून दिल्या पण डेटाबेस काही उघडला नाही. वाचली ती फक्त जूनअखेरची टेप, कारण ऑडिटरने मागितली होती म्हणून ती फोर्टला त्यांच्या ऑफिसात पडून होती. म्हणजे तीन वेळा मी जे मागितलं होतं ते एका टेपच्या बाबतीत आपोआप झालं होतं, कुणी ठरवलं नव्हतं. १ ते २६ जुलैचं सगळं परत भरायचं होतं.

ते कशावरून भरलं ते ऐका. ट्रान्सपोर्टमध्ये एलआरच्या, म्हणजे मालाच्या लॉरी रिसीटच्या, चार कॉप्या निघतात, एक माल पाठवणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, एक ड्रायव्हरकडे, एक ऑफिसात. आमच्या ऑफिसातल्या कॉप्यांचा लगदा झाला होता. मग भिवंडी, तळोजा, वापीच्या पार्ट्यांना फोन करकरून त्यांच्या कॉप्यांच्या झेरॉक्स मागवल्या आणि अकाउंट्सच्या दोन ताई आणि मी, तिघं बसून भरत होतो, घरी गणपती आले तरी एंट्र्या चालूच होत्या. मी शेठना म्हटलं, तुमची एलआर चार ठिकाणी जाते म्हणून आज बिलं वसूल होतायत, तोच नियम टेपला लावा. त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात नवीन सर्व्हर आला, आत मिरर केलेल्या (एकीवरचं तेच दुसरीवर लिहिणाऱ्या) दोन डिस्क, आणि मला सांगितलं, "आता डिस्कच दोन आहेत, टेपची कटकट बंद." दोन्ही डिस्क एकाच डब्यात! कागदाच्या चार कॉप्या एकाच कपाटात ठेवा असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्याला हाकलून दिलं असतं.

तुमच्या साहेबांना हेच सांगा. रेड म्हणजे एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, बस. कुणी फोल्डर उडवला तर तो सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडतो, व्हायरसने फाइली लॉक केल्या तर रेड त्या लॉक झालेल्या फाइलीच इमानाने सांभाळतं, आणि पाणी, आग, चोरी याला तो एकच डबा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, ट्रान्सपोर्टवाल्यांना ते दिवस आठवत असतील. एवढी मोठी कंपनी, जगभर डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांशी सिंक होणारे, सगळे एकदम गेले. घानातला एक वाचला, कारण तिथे वीज गेल्यामुळे तो नेमका नेटवर्कबाहेर होता. नेटवर्कबाहेर असणं, हेच तुमची घरी ठेवलेली डिस्क दर आठवड्याला करते.

आता बॅक्युला. तुमचा व्हॉल्यूम बहुतेक 'अपेंड' (अजून लिहिणं चालू) स्टेटसला अडकलाय. तो 'फुल' किंवा 'यूज्ड' होत नाही तोवर रीसायकल होणारच नाही, रिटेन्शन (जुना बॅकअप किती दिवस जपायचा ती मुदत) काहीही असू दे. पूलमध्ये (व्हॉल्यूमच्या गटाच्या सेटिंगमध्ये) व्हॉल्यूम यूज ड्युरेशन ६ दिवस टाका, म्हणजे तेवढ्या दिवसांनी तो आपोआप 'यूज्ड' होतो. रिटेन्शन डिफॉल्ट ३६५ दिवस असतं, ते तसंच राहिलं असेल तर वर्षभर वाट बघत बसाल. तीन डिस्क असतील तर काढलेली डिस्क १४ दिवसांनी परत लागते, म्हणून रिटेन्शन १३ च्या वर नेऊ नका. आणि कॉन्फिगमध्ये बदललं म्हणजे जुन्या व्हॉल्यूमला लागू झालं असं नसतं, बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाच्या कमांड खिडकीत) जाऊन अपडेट करावं लागतं, इथे भलेभले फसतात. डिस्क बदलली की पहिला जॉब फुल (सगळ्या फाइलींचा बॅकअप) घ्या, नाहीतर फुल एका डिस्कवर, इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचा) दुसऱ्या डिस्कवर आणि रिस्टोअरच्या दिवशी नेमकी एक घरी. घरी असलेल्या डिस्कवरचा व्हॉल्यूम बॅक्युला मागत बसत असेल तर व्हीचेंजर हा बॅक्युलासोबत चालणारा प्रोग्रॅम लावून बघा, तो अशा काढघालीच्या डिस्कसाठीच आहे.

अजून एक, हे बॅक्युलाच्या बाहेरचं आहे पण जास्त घातक. डिस्क माउंट झालेली नसताना, म्हणजे सर्व्हरवरच्या तिच्या फोल्डरला जोडलेली नसताना, जॉब चालला तर तो रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर लिहितो आणि रिपोर्ट येतो ओके. म्हणून डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला लिनक्सच्या चॅटर (chattr) कमांडने इम्युटेबल, म्हणजे कुणालाच लिहिता येणार नाही असं, करून ठेवा, मग माउंट नसेल तर जॉब फेल होईल आणि तुम्हाला कळेल.

शेठचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं हे मान्य करतो, डेटा लोकलमध्ये उघडा फिरता कामा नये. तेव्हा आमच्याकडे त्यावर उपाय नव्हता, आज लक्स (LUKS, लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) आहे, तिन्ही डिस्क एन्क्रिप्ट करा, पासफ्रेज कागदावर लिहून ऑफिसच्या बाहेर दुसऱ्या कुणाकडे ठेवा, आणि डिस्क घरी न्यायची परवानगी साहेबांकडून मेलवर लेखी घ्या. १३ दिवसांच्या रिटेन्शनमध्ये दोन महिन्यांपूर्वी बिघडलेली फाइल मिळणार नाही, त्यासाठी महिनाअखेरची चौथी डिस्क लागेल. क्लाउड परवडत असेल तर तोही घ्या, पण डिस्क बंद करून नको.

आणि एक सांगा, तिन्हीपैकी ज्या दोन डिस्क आत्ता लावलेल्या नाहीत त्या कुठे आहेत? सर्व्हरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असतील तर आज घरी जाताना एक बॅगेत घाला, सेटिंग उद्या केलं तरी चालेल.