सोफ्यावर पाणी मारण्याआधी

सोफा साफ करायचं पहिलंच काम घेतलंयस, तर धुण्याचं मशीन गाडीतच राहू दे. आधी सोफ्याची गादी उलटी कर आणि लेबल शोध. डब्ल्यू म्हणजे पाण्याचं चालतं, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट, म्हणजे पाणी नसलेलं सफाईचं द्रावण, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, एक्स म्हणजे नुसता व्हॅक्यूम. पण लेबलवर डोळे झाकून विसंबू नकोस. कापड बदललेलं असतं आणि लेबल जुनंच राहतं.

मग मागच्या बाजूला, खाली, कुणाला दिसणार नाही अशी जागा निवड. जे द्रावण वापरणार आहेस तेच, तेवढंच पातळ करून, दोन-चार थेंब टाक. पांढरं सुती फडकं त्यावर मिनिटभर दाबून धर. घासायचं नाही. फडक्यावर रंग उतरला की तिथेच थांब. नाही उतरला तरी लगेच खूश होऊ नकोस, जागा पूर्ण वाळू दे. सुती आणि लिननवर तपकिरी डाग वाळतानाच वर येतात. मी एकदा ओल्यावरच 'ठीक आहे' म्हणालो होतो. पुढचं सांगत नाही.

धागा ओळखायचा असेल तर शिवणीच्या आतला एकच दोरा काढ, चिमट्यात धरून घराबाहेर, धातूच्या ताटलीवर जाळ. जळक्या केसांचा वास आला तर लोकर किंवा रेशीम, कागदाचा आला तर सुती किंवा रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. सोफ्याजवळ काडी ओढायची नाही, हे सांगायला नकोच.

रेयॉनचं मखमल निघालं तर पाणी लावूच नकोस, लव दबते ती दबतेच.