बाबांचा प्रीमियम कमी नाही झाला, जीएसटी गेलाय

प्रश्न नीट कळलाय का बघा. बाबा ६३, शुगर आणि बीपी दोन्ही, हेल्थ पॉलिसी नोव्हेंबर २०२२ ची आणि तिच्यावर जुन्या आजारांना ४८ महिन्यांचं वेटिंग छापलंय, म्हणजे तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. आई ५८, तिची पॉलिसी वेगळी. रिन्यूअल दहा दिवसांवर आलंय, बाबांचा आकडा ४१,३०० वरून ३८,५०० झाला म्हणून तुम्ही खूश, आईचा मात्र २५,९६० वरून २७,५०० झाला. आणि एजंट म्हणतोय की नवीन नियम आलेत, दुसरीकडे पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत हलवा, शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर. त्याचं ऐकायचं का, हा तुमचा प्रश्न.

आधी सांगतो, मी एजंट नाही, घरच्या पॉलिश्या सांभाळता सांभाळता जे शिकलो तेवढंच.

पहिलं, त्या खुशीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतः काढलेल्या हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. तुमच्या मागच्या ४१,३०० मध्ये मूळ प्रीमियम ३५,००० होता आणि ६,३०० टॅक्स. आता टॅक्स शून्य, म्हणजे ३८,५०० हा सगळा मूळ प्रीमियमच, म्हणजे बरोब्बर १० टक्के वाढ झालीय. बरोब्बर १० च का, तर जानेवारी २०२५ मध्ये इर्डानं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, सांगितलं की साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, आणि कंपनी बरोबर त्या रेषेपर्यंत येऊन थांबली. आई साठीच्या आत, तिला ही रेषा नाही. तिचा मूळ आकडा २२,००० चा २७,५०० झालाय, म्हणजे २५ टक्के! टॅक्स गेल्यामुळे बिलात फक्त दीड हजाराचा फरक दिसतोय म्हणून टोचत नाहीये एवढंच. पुढच्या वर्षी काढून टाकायला टॅक्स शिल्लक नसेल, तेव्हा वाढ पूर्ण अंगावर येईल. (कंपन्यांचंही एक म्हणणं आहे की जीएसटी माफ झाला तसं त्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळणं बंद झालं, ते कुठूनतरी काढणार. असो.)

आता शुगरचं, जे खरं महत्त्वाचं. १ एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिने, आधी ४८ होतं. आधीपासून चालू असलेली प्रॉडक्टंही नवीन नियमात बसवायची होती, त्यामुळे छापील कागदावर ४८ असलं तरी बाबांची तीन वर्षं या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, भरतायत. म्हणजे खंड न पडता रिन्यूअल झालं की शुगर-बीपी कव्हर व्हायलाच हवं. कंपनीला आजच मेल टाका, पॉलिसी नंबर घालून एकच प्रश्न विचारा की पीईडी (आधीपासूनच्या आजारांचं) वेटिंग कोणत्या तारखेला संपतं, आणि उत्तर लेखी घ्या, कस्टमर केअरच्या पोरानं फोनवर सांगितलेलं धरू नका.

मग एजंट काय विकतोय? पहिल्या दिवसापासून शुगर कव्हर करणारे प्लॅन असतात, खोटं नाही, पण त्याचे जास्तीचे पैसे घेतात, आणि कोटेशन स्वस्त दिसत असेल तर को-पे, म्हणजे बिलातला तुम्ही भरायचा वाटा, शोधा, २० टक्के को-पे म्हणजे तीन लाखांच्या बिलात साठ हजार तुमचे. बाबांना जे दहा दिवसांत आपोआप मिळतंय तेच तुम्ही विकत घेणार. शिवाय पोर्टचा अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा असतो, ती तारीख कधीच गेली. दहा दिवस उरलेले असताना जो 'पोर्ट' म्हणतो तो बहुतेक नव्या पॉलिसीचा फॉर्म पुढे सरकवणार, आणि नवी पॉलिसी म्हणजे सगळी घड्याळं परत शून्यावर.

यातलं एक घड्याळ लोकांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं. माझ्या आईची पॉलिसी २०१७ च्या जूनमधली, फॉर्म एजंटनं भरला, बीपीपुढे 'नाही' लिहिलं, म्हणाला काकू, एक गोळी म्हणजे काय आजार असतो का, आणि मी न वाचता तिची सही घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अँजिओप्लास्टी झाली. ॲडमिट करताना रात्री अकराला रेसिडेंट डॉक्टरनं विचारलं बीपी कधीपासून, मावशी म्हणाली असेल दहा वर्षं, त्यानं केस पेपरवर लिहिलं 'के/सी/ओ एचटीएन, १० वर्षं', म्हणजे दहा वर्षांपासून बीपी. झालं. कंपनीनं तेवढ्या एका ओळीवर क्लेम नाकारला, आजार लपवला म्हणून. २ लाख ४० हजार, एफडी मोडली. खरं तर बीपीची गोळी २०१५ ला सुरू झालेली, दहा वर्षं नव्हतीच, पण लपवलं होतं हेही खरंच, भांडणार कशावर.

तेव्हा नियम ८ वर्षांचा होता, म्हणजे पॉलिसीची सलग ८ वर्षं भरेपर्यंत कंपनी जुनी फाइल उघडू शकायची. आमची पाच वर्षं आठ महिने झालेली. आता ती मुदत ५ वर्षं आहे, त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमच्या बाबांची ही पाच वर्षं नोव्हेंबर २०२७ ला भरतील. पुढे कधी खरंच पोर्ट केलं तर ही वर्षं बरोबर जातात, पण जुन्या रकमेपुरतीच, कव्हर पाचाचं दहा लाख केलंत तर वरच्या पाच लाखांना सगळं नव्यानं मोजणार. आणि नवी कंपनी नाहीही म्हणू शकते, म्हणून तिचा होकार येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

आईसाठी मात्र पोर्टचा विचार करा, पण पुढच्या वर्षी, सप्टेंबरातच कामाला लागून. या वर्षी दोन्ही भरून टाका, ग्रेस पिरियडच्या, म्हणजे तारखेनंतर मिळणाऱ्या सवलतीच्या दिवसांच्या, भरवशावर राहू नका. आणि बाबांचा २०२२ चा प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला अर्ज, कंपनीकडून मागवून शुगरच्या चौकटीत काय टिक आहे ते डोळ्यांनी बघा. 'नाही' असेल तर इथे सांगा, त्याचं वेगळं बघावं लागेल.