आधी किटा, मग क्लब

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा युरोपातला काम-परवाना) जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागली आहे, लेक चौदा महिन्यांची, तुझं बुद्धिबळाचं रेटिंग 2150 च्या आसपास, दोन वर्षांत एकही रेटेड डाव नाही, पुण्यातली चार-पाच मुलं ऑनलाइन शिकतात. युरोपात पावलोपावली स्पर्धा असतात, मग तिकडे गेल्यावर खेळणं सोपं होईल का? ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तुगंवरच येते. मी इथे आठ वर्षं आहे, मुलगा इथेच झाला, आणि मी महिला बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या क्लबांच्या बुद्धिबळ लीगच्या, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळते.

इथे स्पर्धा जवळ येतात गं, पण माणसं लांब जातात. आपली ग्रँडमास्टर कोनेरू हंपी, तिला 2017 मध्ये मुलगी झाली, 2019 च्या डिसेंबरात मॉस्कोला ती रॅपिडची (जलद बुद्धिबळाची) जगज्जेती झाली आणि 2024 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा. हे आपण सगळ्या एकमेकींना सांगतो. ती बाहेर असते तेव्हा लेकीला तिचे आई-वडील सांभाळतात, हेही ती स्वतः सांगते, पण तेवढं आपल्या लक्षात राहत नाही. स्टुटगार्टला तुझ्याकडे ना आई असणार, ना सासूबाई, ना पोळ्यावाल्या मावशी.

म्हणून आधी किटा, म्हणजे पाळणाघर कम बालवाडी. मूल एक वर्षाचं झालं की जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क इथे 2013 च्या ऑगस्टपासून आहे. हक्क आहे, जागा मात्र असतेच असं नाही. आम्ही अकरा ठिकाणी अर्ज केले, एका ठिकाणाहून होकार आला. जागा मिळाल्यावर ‘आइनगेव्योनुंग’ सुरू होतं: पहिले काही आठवडे तू तिथे कोपऱ्यात छोट्या खुर्चीवर बसायचंस, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. त्या महिन्यात एकही स्पर्धा धरू नकोस. उन्हाळ्यात बऱ्याच किटा दोन-तीन आठवडे बंद असतात, आणि मोठ्या ओपन, म्हणजे कुणालाही खुल्या, स्पर्धा नेमक्या तेव्हाच. ताप आला की फोन येतो, या आणि घेऊन जा. तो फोन कुणी घ्यायचा हे नवऱ्याशी आत्ताच ठरव.

कारण डावाला बसलीस की तुझा फोन बंद. दोन्ही खेळाडूंना प्रत्येकी चाळीस चालींना दीड तास, मग अर्धा तास, वर प्रत्येक चालीला तीस सेकंद, म्हणजे पाचेक तास तू कुणाला सापडत नाहीस. आणि फक्त फोनच नाही. मुलगा सात महिन्यांचा असताना मी एका ओपनला गेले. बॅगेत दूध काढायचा इलेक्ट्रिक पंप. आर्बिटर, म्हणजे पंच, पंचविशीतला पोरगा, त्याने ते यंत्र पाहिलं, नियम उघडला, कानापर्यंत लाल झाला. खेळायच्या जागेत परवानगीशिवाय कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण चालत नाही. शेवटी पंप त्याच्या टेबलावर, जमा केलेल्या मोबाइलच्या ट्रेमध्ये विसावला. बाविसाव्या चालीनंतर, प्रतिस्पर्ध्याचं घड्याळ चालू असताना, मी त्याच्याकडून तो घेऊन आत गेले. परत आले तर समोरच्या बाईने केव्हाच उंट मारलेला, आणि माझी वीस मिनिटं गेलेली. डाव हरले. चूक माझीच. पहिल्या फेरीआधी आर्बिटरला दोन ओळींची मेल टाकली असती, तर खोली आणि वेळ दोन्हीचं आधीच ठरलं असतं. तू अजून पाजत असशील तर ही मेल विसरू नकोस. नाहीतर सरळ हातपंप घे.

फिडेनेही, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानेही, आता थोडं मनावर घेतलंय. 2024 च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडला (देशांच्या संघांची स्पर्धा) त्यांनी ‘चेसमॉम’ सुरू केलं: तान्ह्या बाळासह येणाऱ्या काही खेळाडूंना बाळ सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च मिळाला. पण अट एक वर्षाच्या आतल्या बाळाची होती, आणि ती सोय तेव्हा ऑलिम्पियाडवाल्यांची होती. आपल्यासारख्यांना लीगच बरी.

लीग बरी का, तर तारखा सीझनच्या आधी कळतात. ठरावीक शनिवार-रविवार, टीममध्ये सहा जणी. बहुतेक क्लब प्रवास आणि राहणं बघतात. तुझ्या रेटिंगला वर थोडं मानधन मिळालं तर मिळालं, त्यावर घर चालेल असं समजू नकोस. त्या तारखा नवऱ्याच्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये ‘सुट्टी’ म्हणून टाकायला लाव. ‘बघू’ म्हणाला तर लीग विसर. लेकीला सोबत न्यायचं झालं तर सहा वर्षांखालच्या मुलांना रेल्वेत तिकीट नाही, आणि आयसीई या वेगवान गाडीत लहान मुलांसाठी वेगळा कप्पा असतो, तो आधी बुक कर. लीग खेळायला फेडरेशन बदलावं लागत नाही, नावापुढे भारतच राहतो. दोन वर्षं न खेळल्याने फिडेच्या यादीत तू ‘इनअॅक्टिव्ह’ दिसत असशील, पण रेटिंग जात नाही. फक्त क्लबांना वसंतातच लिही, टीमच्या याद्या लवकर ठरतात.

पैशांचं म्हणशील तर तुझे पुण्याचे विद्यार्थी सोडू नकोस. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला इथे काम करता येतं, स्वतंत्र शिकवणीसुद्धा. फक्त टॅक्स ऑफिसात नोंदणी कर. आणि घड्याळ तुझ्या बाजूने आहे. तिकडे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात इथे दुपारचे दीड, हिवाळ्यात साडेबारा. मुलं शाळेतून येऊन चहा-बिस्किट खाऊन पटावर बसतात तेव्हा लेक किटात झोपलेली असेल. पुण्यात हेच क्लास बाळाच्या रडण्याच्या वेळेला येतात, हो ना? फक्त ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटी इथली घड्याळं तासाने बदलतात तेव्हा पालकांना आठवण कर. पहिल्या वर्षी मी एका मुलाला रिकाम्या स्क्रीनसमोर तासभर बसवून ठेवलं होतं.

स्वतःच्या अभ्यासाला सकाळचे पाच ते साडेसहा. मी काळ्याकडून खेळताना सुरुवातीला फक्त कारो-कान हा बचाव ठेवला, बाकी सगळं सोडून दिलं. आधी वाईट वाटलं. आता निदान जे खेळते ते येतं.

तुझा नवरा पुढे जाऊन घर बघणार आहे म्हणालीस. पत्ता नक्की झाला की त्याच दिवशी त्याला किटाच्या यादीत लेकीचं नाव घालायला सांग, फर्निचरच्या आधी. तो पत्ता मलाही कळव. आमच्या क्लबाची शुक्रवारची संध्याकाळ तिथून जवळ असेल, तर पहिल्या शुक्रवारी लेकीला घेऊनच ये. इथली म्हातारी मंडळी प्यादी चघळू देतात.