काजूला खत कधी, कुठे आणि किती?

प्रश्न (जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव): वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीची दहा वर्षांची बाग आहे. झाडे हिरवीगार, पण बी बारीक राहते, हलकी भरते आणि व्यापारी दर पाडून मागतो. दर जूनमध्ये झाडाला दोन किलो युरिया टाकतो. आणखी वाढवू का?

उत्तर: युरिया वाढवू नका, उलट कमी करा. दोन किलो युरियातून झाडाला 920 ग्रॅम नत्र (नायट्रोजन) मिळते, पण स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) काहीच नाही. नुसत्या नत्राने पाला माजतो. त्या लुसलुशीत पालवीवर ढेकण्या (रस शोषणारी कीड) तुटून पडतो आणि पुढे मोहोर करपतो. गर भरायला पालाश लागते आणि तुमच्या झाडाला नेमके तेच मिळालेले नाही.

पाचव्या वर्षापासून पुढच्या झाडाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 250 ग्रॅम स्फुरद आणि 250 ग्रॅम पालाश धरा. म्हणजे युरिया 1 किलो 100 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 1 किलो 550 ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश 420 ग्रॅम. सात बाय सात मीटरवर लावलेल्या एकरात सुमारे 80 झाडे बसतात. त्यांना युरियाच्या दोन पिशव्या, सुपर फॉस्फेटच्या अडीच आणि पोटॅश 34 किलो पुरते. पहिल्या वर्षाच्या रोपाला याचा पाचवा हिस्सा द्या, दरवर्षी तेवढाच वाढवा, पाचव्या वर्षी पूर्ण मात्रा. कोकणातल्या पत्रकांत झाडाला एक किलो नत्र लिहिलेले वाचून काहीजण गोंधळतात. ती शिफारस तिकडची आहे. माती परीक्षणाशिवाय तिकडे उडी नको.

आता वेळ. खरा घोटाळा इथेच होतो. जांबोटी, कणकुंबीकडे जून-जुलैचा पाऊस जांभ्या मातीतून नत्र धुऊन नेतो. त्या पट्ट्यात सगळे खत एकदाच, मोठा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, जमिनीत ओल असताना द्या. पुढे पालवी फुटते आणि त्याच पालवीच्या शेंड्याला मोहोर येतो, म्हणून खत तिच्या आधी मुळांपाशी पोहोचायला हवे. बेळगाव तालुक्याच्या कमी पावसाच्या बाजूला मात्र निम्मे मे-जूनमध्ये आणि निम्मे सप्टेंबरात चालते. डिसेंबरात मोहोर बघून टाकलेले खत कोरडवाहू बागेत मातीतच पडून राहते, कारण ते विरघळायला पाणीच नसते.

जागाही तितकीच महत्त्वाची. बुंध्याला चिकटून ढीग घालू नका, अन्न घेणारी बारीक मुळे तिथे नसतात. आधी तण काढा. बुंध्यापासून दीड मीटरवर 25 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर खोल गोल चर काढा. मुळे तुटतील एवढे खोल जाऊ नका. उतारावर चर वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखा घ्या, म्हणजे पाण्याबरोबर उतरणारे खत मुळांकडेच येईल. चरात दहा-पंधरा किलो कुजलेले शेणखत, त्यावर खत, आणि लगेच मातीने झाका. उघड्यावर पडलेल्या युरियाचा वायू होऊन नत्र उडून जाते. चुना द्यायचाच असेल तर तो माती परीक्षणात निघाला तरच आणि खताच्या महिनाभर आधी. चुना आणि युरिया एकत्र झाले की अमोनिया उडतो. मातीचा नमुना कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात देता येतो.

पाने लहान, अरुंद निघत असतील तर जस्ताची कमतरता असू शकते. पालवीवर लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून, गाळून फवारा. चुना विसरलात तर कोवळी पाने भाजतात.

बी खरोखर लहान आहे का, हे घरीच तपासा. वेंगुर्ला-4 ची बी सरासरी 7.7 ग्रॅमची, म्हणजे किलोत सुमारे 130 दाणे. वाळलेली किलोभर बी मोजा. 170 भरली तर भरणी कमी पडते आहे. मग बादलीत पाण्यात टाका. तरंगेल ती पोकळ किंवा अपक्व.

खत बरोबर देऊनही तोडणी चुकली तर दर मिळत नाही. हिरवी बोंडे ओढून काढू नका, पडलेलीच वेचा. मोहोरानंतर झाडाखाली झाडून ठेवले की वेचणी सोपी जाते. बोंडापासून बी त्याच दिवशी वेगळी करा, दोन-तीन दिवस उन्हात पातळ पसरून, अधूनमधून हलवत वाळवा. ओलावा 8 टक्क्यांच्या आसपास आला की बी हलवल्यावर खुळखुळते. वाळलेली बी गोणपाटात भरा, प्लास्टिकच्या पोत्यात घाम धरून गर काळा पडतो. आणि गावठी झाडांची बारीक बी वेंगुर्ल्याच्या बीत मिसळू नका. मिसळलेल्या मालाला व्यापारी बारीक बीचाच भाव लावतो. दोन्हींची पोती वेगळी ठेवा आणि वेगळीच तोलून द्या.