एकट्याच्या कायाकवर (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीवर) सामान आणि मासळी कशी ठेवावी? गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणावर उन्हाळ्यात जातो, मासळी घरी येईपर्यंत मऊ पडते.

आधी मासळीचं बोलू, कारण खरं नुकसान तिथंच होतं. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. रोहू, कटला दोरीत ओवून पाण्यात लटकवू नका. वरचं पाणीच कोमट असतं, त्यात मेलेली मासळी लवकर नासते. मासा वर आला की लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फात पुरा. बर्फ फोडलेला हवा, अख्खी लादी माशाला नीट चिकटत नाही. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरा. पेटीच्या तळाशी जाळी ठेवा, म्हणजे मासळी वितळलेल्या पाण्यात बुडून राहणार नाही. मरळ मात्र हवेतून श्वास घेते, ओल्या गोणपाटात बराच वेळ जिवंत राहते. तिच्यावर बर्फ वाया घालवू नका.

पेटी सीटच्या अगदी मागे, मधोमध आणि तळाशी टेकलेली असावी. उंचावर ठेवली तर कायाक कलते. गळाचा डबा, चिमटा, सुरी हाताशी. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत. सगळं दोरीनं बांधा. जाळं आणि सुटी दोरी मात्र पायाशी कधीच नको. कायाक उलटली तर पाय त्यातच अडकतात, आणि पोहता येणाराही बुडतो. लाइफ जॅकेट अंगात घाला, सामानात नव्हे.